साडेसातला कुठे जायचं? ठाणे-नवी मुंबईत ए.ए.ची पहिली मीटिंग शोधताना

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत कामाला होतो. साडेसहाला सुटायचं, ट्रान्स-हार्बरची लोकल पकडायची, सव्वासातला ठाण्याला उतरायचं आणि सॅटिसच्या पुलाखालून गर्दीबरोबर बाहेर पडायचं. साडेसातला क्वार्टर खिशात, आठ वाजता पोटात. वाट इतकी पायाखालची झाली होती की दुकानदार मला बघूनच बाटली काउंटरवर ठेवायचा.

सोडायची ठरवली तेव्हा सल्ले भरपूर मिळाले. मनाचा निग्रह कर, मुलांकडे बघ, योगा कर. पण साडेसातला त्या दुकानासमोरून जाताना काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते मला पुढे ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संगतीच्या मीटिंगला, एका शाळेच्या वर्गात, चौथीच्या मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्यावर कळलं. तिथपर्यंत पोचायला मी जेवढा वेळ घालवला तेवढा तुमचा जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

रोज आणि बऱ्याच वर्षांपासून पीत असाल, सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, एक घोट घेतल्याशिवाय दाढी करता येत नसेल, तर एकदम बंद करू नका. हे वाचून काहींना गंमत वाटेल, पण गंमत नाही. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की पहिल्या काही तासांतच घाम, धडधड, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर घरी प्रयोग नकोच, थेट दवाखाना गाठा. डॉक्टर काही दिवसांची औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हा काळ निभावून नेतात.

ठाण्यात यासाठी सरकारी जागा आहे ती प्रादेशिक मनोरुग्णालय, 1901 सालापासूनची. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रात चालतो, त्यामुळे तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभं राहायला लाज वाटते. मलाही वाटली. रांगेत माझ्या पुढे एक रिक्षावाला होता आणि मागे टाय लावलेला माणूस. खाजगीत जायचं असेल तर कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ चालेल. आपला फॅमिली डॉक्टरही चालेल, फक्त त्याला खरा आकडा सांगा. 'कधीतरी घेतो' म्हणालात तर तोही कधीतरीचंच औषध देईल.

ए.ए. म्हणजे काय, तेवढ्यापुरतं

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सुटलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची संगत. 1935 मध्ये न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल, बिल विल्सन, कामानिमित्त अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी गेला होता. काही महिने त्याने दारूला हात लावला नव्हता. तिथे काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार गजबजलेला, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो फोनकडे गेला. त्या फोनमधून फोन निघत डॉ. बॉब स्मिथ या दारूने पुरत्या बुडालेल्या सर्जनची गाठ पडली. पंधरा मिनिटं बोलू म्हणून बसलेले दोघे सहा तासांवर बोलत राहिले. भारतात ही चळवळ 1957 मध्ये सुरू झाली.

सभासद होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. जात, धर्म, पक्ष कुणी विचारत नाही. खर्च सभासदांच्याच वर्गणीतून भागतो. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, नवीन माणसाने त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरून कुणी देणगी देऊ केली तर ए.ए. ती घेत नाही. आपल्याकडे हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही.

माझे मामा गावाकडे म्हणायचे, 'माळ घाल, सुटेल.' आमच्या गावात माळ घातल्यावर दारू सुटलेली तीन-चार माणसं मी स्वतः पाहिलीत, त्यामुळे त्यांना हसणार नाही. पण नीट पाहिलं तर त्या माणसांना माळेबरोबर एकादशीचं भजन मिळालं, दिंडी मिळाली, संध्याकाळी देवळात बसायला चार माणसं मिळाली. ठाण्यात भाड्याच्या खोलीत एकट्याने माळ घालून बघा, म्हणजे फरक कळेल. मीटिंगमध्ये देवाचं नाव येतं, प्रार्थनाही होते, पण तो देव कुठला हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्या ग्रुपमध्ये एक पक्के नास्तिक गृहस्थ आहेत. प्रार्थनेच्या वेळी ते गप्प उभे राहतात, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही.

आधी आपली वेळ आणि आपली वाट कागदावर काढा

बहुतेक लोक मीटिंगची यादी मिळाली की घराजवळची शोधतात. माझं मत वेगळं आहे. यादी हातात घेण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: पिण्याची तलफ किती वाजता येते, त्या वेळी आपण नेमके कुठे असतो, आणि तिथून घरापर्यंतच्या वाटेत दुकान किंवा बार कुठे लागतो. मीटिंग निवडायची ती त्या वेळेला आणि दुकानाच्या अलीकडे. मीटिंगा बहुधा संध्याकाळी, तास-दीड तासाच्या असतात. तिथून सुटेपर्यंत तलफेची वेळ टळलेली असते, पोटात चहा आणि बिस्कीट गेलेलं असतं.

घोडबंदर रोडला राहणाऱ्याने रोज संध्याकाळी नौपाड्यात यायचं ठरवलं तर आठवडाभरात तो ट्रॅफिकला शिव्या देत घरी बसेल. त्याने शनिवार-रविवारची मीटिंग धरावी आणि बाकीच्या दिवसांसाठी ऑफिसजवळची. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरकरांना लोकलचा आधार आहे, पण नवी मुंबईत स्टेशन आणि सेक्टर यांच्यात बरंच अंतर असतं. परतीची बस किंवा रिक्षा कुठून मिळेल ते आधीच बघून ठेवा. रात्री नऊला अनोळखी नाक्यावर रिक्षाची वाट पाहत उभं राहिलं की समोर नेमका बारच असतो.

आपल्या भागात ओळखीचं कुणी भेटेल, ही भीती सगळ्यांनाच असते. म्हणून ठाण्याचे लोक मुलुंडला किंवा ऐरोलीला जातात, ऐरोलीचे ठाण्याला येतात. सुरुवातीला तसं करायला हरकत नाही. मी स्वतः लपतछपत ऐरोलीला गेलो, तर तिथे पहिल्या रांगेत आमच्याच कंपनीचा स्टोअरकीपर. दोघेही एकमेकांकडे बघून हसलो. आज अकरा वर्षं झाली, त्याने कंपनीत चकार शब्द काढलेला नाही आणि मीही नाही. पण फार लांबची मीटिंग जुलैच्या पावसात पहिली सुटते, एवढं ध्यानात ठेवा.

यादी कुठे मिळते

सर्वात सरळ रस्ता म्हणजे ए.ए.चं भारतातलं अधिकृत संकेतस्थळ. मोबाइलवर 'ए.ए. इंडिया' शोधलं की सापडतं. तिथे शहराप्रमाणे मीटिंगा बघता येतात आणि हेल्पलाइनचा क्रमांकही असतो. संस्थेचं देशपातळीवरचं मुख्य कार्यालय भायखळ्यालाच आहे, म्हणजे आपल्याला तसं शेजारीच.

इंटरनेट जमत नसेल तर 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे. मन फारच खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर 14416 वर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आधाराची फोनसेवा आहे. ती सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक ए.ए.चे नाहीत, पण जवळची मदत कुठे आहे ते सांगतात.

तिसरा रस्ता व्यसनमुक्ती केंद्रांचा. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेलं. तिथून उपचार घेऊन आलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका पुण्याबाहेरही होतात. आपल्या भागातली बैठक कुठे, हे त्यांच्याकडे फोन करून विचारा. दवाखान्यात गेलात तर तिथल्या समुपदेशकाला किंवा समाजसेवा अधीक्षकाला विचारायला विसरू नका. डॉक्टर घाईत असतात, या मंडळींच्या टेबलाच्या खणात मात्र बहुतेक वेळा ए.ए.चं एखादं पत्रक असतं.

फोन

इथे लोक अडतात. मी क्रमांक पाकिटात घालून सतरा दिवस फिरलो.

फोन सकाळी करा, किंवा निदान तोंडाला लागायच्या आत. पलीकडे कॉल सेंटर नसतं, बहुतेक वेळा आपल्यासारखाच एखादा सभासद असतो. तो कामावर असेल, लोकलमध्ये असेल, उचलला नाही तर एक तासाने पुन्हा करा. नाव सांगायची गरज नाही, सांगायचंच असेल तर नुसतं पहिलं सांगा. काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा: 'मला दारूचा त्रास आहे, मी ठाण्यात राहतो, मीटिंगला यायचंय.' पुढचं तो बोलतो. उपदेश बहुधा करणार नाही, स्वतःचीच गोष्ट सांगायला लागेल. थोडी लांबण लागते, सहन करा.

तेवढ्यात चार गोष्टी विचारून घ्या. मीटिंग मराठीत आहे, हिंदीत की इंग्रजीत? आपल्याकडे तिन्ही भाषांचे ग्रुप असतात, आणि दारूबद्दलचं खरं माणूस आपल्याच भाषेत बोलतो. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड? ओपन मीटिंगला घरच्यांनाही येता येतं, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. पहिल्यांदा बायकोला किंवा भावाला बरोबर न्यायचं असेल तर ओपनच बघा. आजची मीटिंग नक्की त्याच जागी आहे ना? आणि शेवटचं, 'गेटवर कुणी भेटेल का?' हा प्रश्न संकोच न करता विचारा.

'त्याच जागी आहे ना' यावर एवढा जोर देण्याचं कारण आहे. माझी खरी पहिली मीटिंग झालीच नाही. जुन्या यादीतला पत्ता घेऊन मी मे महिन्यात एका शाळेपाशी पोचलो. गेटला कुलूप. सुट्टी लागली म्हणून ग्रुप तात्पुरता दुसरीकडे हलला होता आणि ते मला माहीत नव्हतं. वॉचमन म्हणाला, 'इथं काय नाय, रात्रीची शाळा बंद.' मी सुटल्यासारखा परत फिरलो आणि दुकान गाठलं. पुढचे पाच महिने 'मी गेलो होतो, तिथे काही नसतं' हे घरी ऐकवत राहिलो. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, समाजमंदिरात भरतात. परीक्षा, निवडणूक, गणपती आले की जागा बदलते. त्यामुळे त्या दिवशी दुपारी पुन्हा एक फोन कराच. नवी मुंबईत सेक्टरच्या क्रमांकापुढे 'अ' आहे का तेही विचारा, नाहीतर 9 आणि 9-अ यांच्यात फेऱ्या मारत बसाल.

आत गेल्यावर

दहा मिनिटं आधी पोचा. दहा-बारा जण असतील, कुठे तीस-चाळीस. चहा चालू असेल, हशा ऐकू येईल. मला वाटलं होतं पडलेल्या चेहऱ्याची माणसं असतील. निघाले आमच्या सोसायटीच्या मीटिंगपेक्षा बरे.

एक जण सूत्रं घेतो, त्याला चेअर करणं म्हणतात. सुरुवातीला प्रार्थना, मग बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूपासून लांब राहायच्या ए.ए.च्या बारा टप्प्यांचं वाचन. त्यानंतर एकेक जण उठून बोलतो: 'मी अमुक, मी मद्यपाशी.' मद्यपाशी, म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला, हा शब्द तिथेच पहिल्यांदा कानावर पडेल. काही जुने सभासद सरळ 'मी बेवडा' म्हणतात आणि कुणाला धक्का बसत नाही. बोलण्याला शेअरिंग म्हणतात. मध्येच कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. आपल्या मराठी माणसांना हे फार जड जातं, सल्ल्याशिवाय आपलं पान हलत नाही. पण नियम म्हणजे नियम.

तुमच्यावर बोलायची सक्ती नाही. 'आज मी फक्त ऐकतो' म्हणालात की पुरे. नवीन आलेल्यासाठी बऱ्याचदा दोघं-तिघं मुद्दाम आपले सुरुवातीचे दिवस सांगतात. ऐकताना मनात 'माझं एवढं नाही' असा हिशोब सुरू होईल. मी श्रावण पाळतो, मी नवरात्रात घेत नाही, मी कधी गटारात पडलो नाही, हे सगळं माझ्याही मनात आलं. मग एक जण म्हणाला, 'मी वीस वर्षं श्रावण पाळला, आणि तीसही दिवस गटारीचीच आठवण काढली.' माझा हिशोब तिथे चुकला.

इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा अलिखित करार समजा. फोटो काढू नका, स्टेटस टाकू नका. निघताना चार-पाच जण आपले क्रमांक देतील. ते नावापुढे 'ए.ए.' लावून सेव्ह करू नका. फोन घरात, ऑफिसात कुणाच्याही हातात जातो, आणि नाव त्यांचं असतं. तलफ आली की त्यांना फोन करायचा, प्यायल्यानंतर नव्हे, आधी.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. निदान सहा वेळा जा, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये. कुठे एखादा जुना सभासद फार भाषण करतो, कुठे वाचनच लांबतं. नंतर मग एखाद्याचं बोलणं पटलं तर त्याला स्पॉन्सर व्हाल का म्हणून विचारता येतं, म्हणजे पायऱ्यांवरून हात धरून नेणारा. त्याची घाई नको. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई स्पॉन्सर घ्यावा, अशी पद्धत आहे.

रात्रपाळीवाल्यांसाठी ऑनलाइन मीटिंगांचा चांगला आधार आहे. 2020 च्या लॉकडाऊनपासून त्या वाढल्या. पण पहिली मीटिंग तरी प्रत्यक्षच करा. मोबाइलवर कॅमेरा बंद करून मीटिंग ऐकता ऐकता ग्लास भरलेले लोक मला माहीत आहेत.

बाई असाल तर, आणि घरचे असाल तर

पिणाऱ्या बाईला दुप्पट लपवावं लागतं. वर्गात वीस पुरुष आणि आपण एकटी, या धास्तीने अनेक जणी दारातून परत जातात. म्हणून फोनवरच 'महिला सभासदाशी बोलायचंय' असं सांगा. ती आधी फोनवर बोलेल, शक्य असेल तर बरोबरही येईल. फक्त महिलांच्या मीटिंगाही होतात, त्यांची चौकशी तिच्याकडेच करा.

घरच्यांसाठी ए.ए. नाही, ॲल-ॲनॉन आहे. 1951 मध्ये सुरू झालेली ही वेगळी संघटना. नवरा मीटिंगला जात नसला तरी बायकोने, आईने तिकडे जावं. मुक्तांगणचा 'सहचरी' हा गटही बायकांसाठीच आहे. माझी बायको माझ्या आधी आठ महिने जात होती. मला वाटायचं भिशीला जाते.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात. ती पूड भाजीत कालवू नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. पोटात ते असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयाचा त्रास असेल तर जीव जाऊ शकतो. तसंच, रात्री गाडी घेऊन येऊन माणसाला उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. व्यसनाच्या रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या केंद्रांना 2017 चा मानसिक आरोग्य कायदा लागू होतो. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा, डॉक्टर रोज येतो का विचारा, भेटायला कधी येऊ देता ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

घसरलात तर

याला तिथे स्लिप म्हणतात. चार महिने झाले आणि कंपनीतल्या एकाच्या हळदीला मी घेतली. एक म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. परत जायची सर्वात जास्त लाज त्या वेळी वाटते, कारण आता तोंडं ओळखीची असतात, टाळ्या वाजवलेल्या असतात. तरी जा. प्यायलेल्या अवस्थेत असाल तरी जाऊन मागे बसा. त्या दिवशी बोलू नका म्हणतील, बसू नका म्हणणार नाहीत. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

मी गेलो तेव्हा मीटिंग सुरू व्हायची होती. चहाच्या किटलीपाशी तो स्टोअरकीपर उभा होता. काय बोलायचं ते मी लोकलमध्ये पाठ करून आलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, कप भरला आणि विचारलं, 'अजून बिनसाखरेचाच ना?'